घरी गाडी खोलली, जोडली आणि नवीन आवाज आला : तो शोधायचा कसा?

(हा ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्यातली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. गाडीशेजारी बसून एकेक पायरी करायची असेल तर वेळ बघून त्या जागी जा.)

[००:००] आधी एक प्रश्न

गगनबावड्यातून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येत असेल तर तो सहन करा. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्याच तालुक्यात पडतो, त्यामुळे रेकॉर्डिंगसाठी कोरडा दिवस शोधत बसलो तर पॉडकास्ट दिवाळीलाच येईल.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. व्हिडिओ बघून घरीच चेनसेट बदलला, ब्रेक लाइनर टाकले, ऑइल बदललं. गाडी चालू झाली, बरं वाटलं. आणि शंभर मीटरवर गेल्यावर कुठून तरी ‘टक... टक...’ असा आवाज यायला लागला. आधी नव्हता. आता काय?

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर ‘नवीन पार्ट आहेत, बसतील हळूहळू’ म्हणून तसेच चालवत राहतात. नाहीतर घाबरून सगळं परत खोलतात आणि आणखी दोन आवाज वाढवून ठेवतात. दोन्हीची गरज नाही. आवाज ही माहिती आहे. ती नीट वाचली तर पाना हातात घ्यायच्या आधीच निम्मा शोध संपतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे काल चालणारी गोष्ट आज बंद पडली की पहिला प्रश्न एकच असतो : ‘मधे काय बदललं?’ गाडीलाही हाच प्रश्न विचारायचा. तुम्ही मागचं चाक काढलं असेल आणि आवाज नवीन असेल, तर कार्ब्युरेटरवर संशय घ्यायला सगळ्यात शेवटी जायचं. जिथे हात लागला तिथून सुरुवात.

म्हणून एक कागद घ्या आणि काय काय सोडलं ते क्रमाने लिहा. मोठे पार्टच नाही, छोटेसुद्धा. चेन कव्हरचे बोल्ट, ब्रेक रॉडचं नट, एक्सलचं वायसर, बुश. आणि गाडी जोडून झाल्यावर वर्तमानपत्रावर एखादं वायसर उरलं असेल, तर ते कंपनीने जादा दिलेलं नसतं बरं का. शोध तिथूनच चालू करायचा.

[०३:१०] चार प्रश्न, आणि गाडी अर्धी अर्धी कापत जायची

सॉफ्टवेअरमध्ये हजार ओळींत चूक शोधायची तर आम्ही पहिल्या ओळीपासून वाचत नाही. मधे थांबतो आणि विचारतो : चूक याच्या अलीकडे की पलीकडे? मग उरलेल्या अर्ध्याचे परत दोन भाग. गाडीचंही तसंच करता येतं.

पहिला प्रश्न. गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. आवाज येतो का? येत असेल तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा इंजिनाच्या थरथरीने हलणाऱ्या एखाद्या पत्र्याचा आहे. चाक, चेन, ब्रेक यांचा नाही, कारण ते फिरतच नाहीयेत. येत नसेल तर इंजिन बहुतेक सुटलं.

दुसरा प्रश्न. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत असताना क्लच दाबा आणि रेस सोडा. इंजिन आता नुसतं धुगधुगतंय, चाकं मात्र पळतायत. आवाज गाडीच्या वेगाबरोबर चालू राहिला तर तो चाक, ब्रेक किंवा चेनचा. इंजिनाबरोबर खाली बसला तर इंजिन-क्लचच्या बाजूचा.

तिसरा प्रश्न. मागचा ब्रेक अगदी हलका दाबा. आवाज बदलला का? बंद झाला किंवा वाढला तर ड्रममध्ये डोकवायचं. मग पुढच्या ब्रेकचंही तसंच.

चौथा प्रश्न. रेस दिली की येतो, की रेस सोडली की येतो? हा आमच्या घाटातल्या लोकांसाठी फार कामाचा. रेस दिल्यावर इंजिन चाकाला ओढतं, म्हणजे चेनची वरची बाजू ताणली जाते आणि खालची सैल पडते. उतारावर रेस सोडली की उलटं होतं. चाक इंजिनाला ढकलतं, खालची बाजू ताणते आणि वरची सैल होऊन उड्या मारते. त्यामुळे करूळ घाट उतरताना चेन कव्हरमध्ये खडखड होते आणि वैभववाडीकडून चढताना गायब होते, असं असेल तर चेन सैल आहे. आणि रेस देता-सोडताना दर वेळी ‘धप्प’ असा एक धक्का बसत असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या आतले ड्रम रबर बघा. चेनसेट बदलताना ती थाळी सुटते. रबर झिजलेले असतात किंवा परत घालताना नीट बसलेले नसतात.

हे सगळं घाटात करून बघायचं नाही. मोकळं मैदान किंवा रिकामा सपाट रस्ता, वेग वीसच्या आसपास. आणि हेल्मेटमध्ये वारा घुमतो, त्यामुळे स्वतःच्या कानावर पूर्ण विश्वास ठेवू नका. मित्राला रस्त्याकडेला उभं करा आणि त्याच्यासमोरून दोनदा जा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एखाद्या लांब भिंतीच्या शेजारून हळू गेलात तर आपल्याच गाडीचा आवाज परत येऊन स्वच्छ ऐकू येतो. घाटात कड्याच्या बाजूला गाडी अचानक जास्त आवाज करते असं वाटतं ते याचमुळे. तिथे गाडी बिघडलेली नसते, कडा आपला आवाज परत देत असतो.

[०७:४५] आवाज मोजा

आता माझा आवडता भाग. थोडं गणित आहे, पण सातवीचं.

गाडीत फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा वेग वेगळा असतो. त्यामुळे ‘टक’ किती वेळाने येतो हे मोजलं की तो कोणाचा हे कळतं. समजा १८ इंची चाकाची साधी शंभर सीसी गाडी आहे. टायर धरून चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारतं. दहा सेकंदांत २९.

समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दाते आणि मागच्याला ४२. मग चाकाच्या एका फेरीत पुढचं स्प्रॉकेट तीन फेऱ्या मारतं. दहा सेकंदांत ८७-८८. हे बोटांवर मोजता येत नाही, कानाला ती सलग ‘टरटर’ वाटते.

आणि चेन? समजा तिला १०४ कड्या आहेत. चाकाच्या एका फेरीत ४२ कड्या सरकतात. म्हणजे चेनची एखादी ठरावीक कडी परत त्याच जागी यायला चाकाच्या जवळपास अडीच फेऱ्या लागतात. दहा सेकंदांत साधारण १२ वेळा.

म्हणजे बघा, दहा सेकंदांत २९ वेळा टक झालं तर चाक, ब्रेक ड्रम, टायर, स्पोक किंवा मागचं स्प्रॉकेट. १२ वेळा झालं तर चेनची एकच कडी किंवा चेन लॉक. सलग टरटर असेल तर पुढचं स्प्रॉकेट किंवा त्याचं कव्हर. तुमच्या गाडीचे दाते आणि कड्या वेगळ्या असतील, त्या स्वतः मोजा, पण पद्धत हीच.

मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवा, रेकॉर्डर चालू करा, वीसच्या वेगाने सरळ जा, परत या. मग घरी बसून अर्ध्या वेगाने ऐका आणि टक मोजा. फोनमधल्या कुठल्याही रेकॉर्डरमध्ये आवाजाची रेघ दिसते, तिच्यावर टोकं मोजली तर आणखी सोपं. स्पीडोमीटर थोडा चुकत असला तरी हरकत नाही, कारण १२ आणि २९ मधला फरक इतका मोठा आहे की दोन-तीन टक इकडे तिकडे झाले तरी उत्तर बदलत नाही.

गाडी न चालवताही हे होतं. डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद, चावी खिशात, न्यूट्रल. टायरवर खडूने एक खूण आणि चेनच्या एका कडीवर एक. चाक हाताने सावकाश फिरवा. टक दर वेळी टायरची खूण वर आल्यावर होतो की चेनची खूण ठरावीक जागी आल्यावर?

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनजवळ कापड किंवा बोट न्यायचं नाही. चेन साफ करताना हा शॉर्टकट लोक घेतात आणि बोट चेन आणि स्प्रॉकेटमध्ये जातं. चेनला थांबायचं कळत नाही. हात आणि चेन जवळ असतील तर इंजिन बंदच.

[१२:२०] एक खरी केस

माझा मावसभाऊ रोज गगनबावड्यातून करूळ घाट उतरून कामाला जातो. त्याने घरच्या पडवीत चेनसेट बदलला. काम नीटनेटकं होतं, चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या. आणि तरी टक... टक...

(इथे त्याने केलेलं रेकॉर्डिंग ऐका. ‘टक’ सावकाश आहे, एका सेकंदाला एकाहून थोडा जास्त.)

तो म्हणाला, ‘दादा, नवीन हाय, बसंल.’ मी म्हटलं, भावा, बसायचा आवाज एका जागेवरून असा घड्याळासारखा येत नाही. चार प्रश्न विचारले. उभ्या गाडीत आवाज नाही. क्लच दाबला तरी आहे. ब्रेक दाबला तरी तसाच. मग मोजले : दहा सेकंदांत १२.

चेन. आणि चेनमधली एकच जागा. नवीन चेनमध्ये बाकीच्या कड्यांपेक्षा वेगळी कडी कुठली? लॉकची. कव्हर काढलं तर लॉकच्या क्लिपचा एक पाय पिनच्या खाचेत बसलेलाच नव्हता. तो किंचित बाहेर येऊन दर फेरीला कव्हरच्या पत्र्याला घासत होता. कव्हरला आतून चमकणारा ओरखडासुद्धा पडला होता.

ही क्लिप निघून गेली असती तर बाहेरची पट्टी सुटते, चेन तुटते. तुटलेली चेन चाकात अडकली तर मागचं चाक जाम होतं. हे घाटात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

नवी क्लिप घातली. जुनी वाकलेली परत वापरायची नाही. आणि दिशा लक्षात ठेवा : क्लिपचं बंद, गोल टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडे. चेनची वरची बाजू मागून पुढे जाते, म्हणून लॉक वर असेल तर बंद टोक पुढे. उघडं टोक पुढे ठेवलं तर काही अडकलं की क्लिप निघायचीच.

आवाज बंद. भाऊ खूश, पाने गोळा करायला लागला. पण आम्ही सुरुवातीला कागद केला होता ना, काय काय सोडलं त्याचा? तो पूर्ण वाचायचा होता. सहाव्या ओळीवर होतं : ‘ब्रेकची पट्टी’.

ड्रम ब्रेकची थाळी स्विंग आर्मला एका लोखंडी पट्टीने बांधलेली असते. ब्रेक दाबला की लाइनर ड्रमला धरतात आणि ड्रम त्या थाळीला स्वतःबरोबर फिरवायला बघतो. ती फिरत नाही, कारण ही पट्टी तिला धरून ठेवते. म्हणजे मागच्या ब्रेकची सगळी ताकद या एका पट्टीवर आणि तिच्या नटावर. ते नट हाताने लावलेलं होतं, पाना लागलाच नव्हता. आणि त्यातली कॉटर पिन वर्तमानपत्रावर, ग्रीसमध्ये चिकटलेली. पिन नाही म्हणजे नट थरथरीने सुटायला मोकळं. पट्टी सुटली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला थाळी गरकन फिरते, ब्रेक रॉड वाकतो, ब्रेक जातो किंवा चाक अडकतं.

आणि हे नट आवाज करत नव्हतं. अजिबात नाही. टक करत होती ती क्लिप. तिने टक केलं म्हणून आम्ही बसलो, आणि बसलो म्हणून हे सापडलं. सॉफ्टवेअरमध्येही हेच असतं. स्क्रीनवर लाल अक्षरात ओरडणारी चूक सापडते. गपचूप चुकीचं उत्तर देणारी चूक सहा महिने कोणाला दिसत नाही. म्हणून आवाज सापडला की थांबायचं नाही, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

[१७:०५] कुठलं काम, कुठला आवाज

आता पटकन बाकीच्या कामांकडे येऊ.

चेनसेट. वेगाबरोबर चढत जाणारा ‘घूंऽऽ’ थोडा असतोच. प्रत्येक दाता कडीत बसताना होतो तो. वीसच्या वेगाला ४२ दात्यांचं स्प्रॉकेट सेकंदाला १२० च्या आसपास ठोके देतं. डीपीजवळचा ट्रान्सफॉर्मर घुमतो ना, साधारण तसाच खर्ज. पण हा आवाज रडका, मोठा झाला तर चेन जास्त घट्ट आहे. आपल्याकडे ‘घट्ट म्हणजे चांगलं’ अशी समजूत आहे. गाडीवर माणसं बसली की स्विंग आर्म वर जातो आणि चेन आणखी ताणते, त्यामुळे घट्ट चेन गिअरबॉक्स आणि चाकाचे बेअरिंग खाते. छोट्या गाड्यांत मधोमध साधारण २ ते ३ सेंटिमीटर वर-खाली हालचाल ठेवतात. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये किंवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवून तीन-चार जागी मोजा आणि एक्सल आवळल्यावर परत एकदा मोजा, कारण आवळताना ढिलेपणा बदलतो.

ब्रेक लाइनर. नवे लाइनर सुरुवातीला हलके घासतात, सलग ‘सर्र’ असा आवाज. थोड्या दिवसांत तो कमी व्हायला पाहिजे. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा घासणारा आवाज असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा एक्सल वाकडा आवळलाय. धातूवर धातू अशी ‘खर्र’ आली तर गाडी थांबवायचीच. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या ड्रमला गंज चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना ती ओरडते, ते वेगळं, ते लगेच जातं. आणि ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ती छातीत जाते. ओल्या कापडाने पुसा.

सायलेन्सर. तो काढून परत लावला आणि थंड इंजिन चालू केल्यावर ‘फट-फट’ किंवा ‘टिक-टिक’ येऊन गरम झाल्यावर कमी झाली, तर इंजिनाजवळच्या जोडातून धूर निसटतोय. गरम झाल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते, म्हणून आवाज घटतो. तिथलं पॅकिंग रिंग नवं घाला. बरेच जण हा आवाज टॅपेटचा समजून उगाच इंजिन खोलतात.

टॅपेट. चार स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. उभी गाडी १४०० आरपीएमवर असेल तर एक टॅपेट मिनिटाला ७०० वेळा वाजतो. हलकी, शिलाई मशीनसारखी टिकटिक चांगलीच असते. अंतर थंड इंजिनावरच, फीलर गेजने ठेवायचं. आणि इथेही तीच गंमत : टॅपेट सैल असेल तर तो वाजतो, पण जास्त घट्ट असेल तर इंजिन एकदम शांत होतं. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम होतो आणि हळूहळू जळतो. ॲडजस्ट केल्यावर टिकटिक पूर्ण गेली तर पार्टी करू नका, अंतर परत मोजा.

ऑइल. बदलल्यावर आवाज वाढला तर आधी पातळी बघा, गाडी सरळ उभी करून. कमी ऑइल असलेलं इंजिन खडखडतं आणि ते थोड्या मिनिटांत महागात पडतं. ग्रेड मॅन्युअलमधलीच.

आणि आमच्या भागापुरतं एक : इथला पाऊस चेनवरचं वंगण धुऊन टाकतो, त्यामुळे पावसाळ्यात येणारी ‘कुईकुई’ बऱ्याचदा नुसती कोरडी चेन असते. चेन पुसून, कोरडी करून चेन ल्युब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडा, जास्तीचं पुसून टाका. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल ओतायची सवय सोडा. त्यात धातूचा कीस असतो, वरून रस्त्याची माती चिकटते आणि तो मसाला चेनला आतून घासत बसतो.

[२२:३०] कधी थांबायचं

सगळं घरी सोडवलंच पाहिजे असं नाही. पुढच्या गोष्टी असतील तर गाडी चालवत मेकॅनिककडे न्यायची नाही, मेकॅनिकला बोलवा किंवा गाडी टेम्पोत टाका :

इंजिनाच्या आतून खोल ‘ठक-ठक’, रेस दिली की जड होणारी.
चाक हाताने डावी-उजवीकडे हलवल्यावर खडखडतंय.
ब्रेक पॅडल किंवा लिव्हर आधीपेक्षा जास्त खाली जातोय.
आवाज एक-दोन किलोमीटरमध्ये वाढत चाललाय.
सोडलेल्या नटांपैकी एकाबद्दलही ‘बहुतेक आवळलं होतं’ असं वाटतंय.

गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला करूळ नाहीतर भुईबावडा घाट. मधे धुक्यात गाडी थांबली तर मदत लगेच मिळत नाही. मेकॅनिककडे गेलात तर ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगू नका. काय खोललं, आवाज कधी येतो, कधी जातो, दहा सेकंदांत किती टक, एवढं सांगा आणि रेकॉर्डिंग ऐकवा. चांगला मेकॅनिक ते ऐकून तुमचा वेळ आणि पैसे दोन्ही वाचवतो. ‘घरी खोलली होती’ हे सांगायला लाजू नका, त्याला सगळ्यात उपयोगी माहिती तीच आहे.

आणि घरी काम केल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर कागदावरचं प्रत्येक नट परत एकदा पान्याने तपासा. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणते, नवं पॅकिंग दबतं. हे तपासायला दहा मिनिटं लागतात.

[२५:१०] तुमच्याकडून काय पाहिजे

तुमच्या गाडीचा न कळणारा आवाज व्हॉइस नोटने पाठवा. अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नको. सोबत तीन गोष्टी लिहा : आधी काय खोललं होतं, चार प्रश्नांची उत्तरं, आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दाते. निवडक आवाज आपण पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू आणि मिळून ओळखायचा प्रयत्न करू. मावसभावाने सांगितलंय की त्याची क्लिप त्याने किचेनला लावलीय, त्यामुळे ती आता दुसऱ्या कोणाला मिळणार नाही.

भेटू पुढच्या भागात.